पार्शातल्या गाडीत तिन्हीसांजेला कोण बसतं?

मावशीचं डोकं ठिकाणावर नाही, असं मावसभाऊ मंदारने फोनवर सांगितलं आणि मी गोव्याला जायचं ठरवलं. तो पुण्यात नोकरी करतो. त्याचे वडील, म्हणजे आमचे काका, गणपतीनंतर वारले. तेव्हापासून मावशी पार्शे गावातल्या घरात एकटी आहे आणि सगळ्यांना सांगते, की काका रोज तिन्हीसांजेला येऊन गाडीत बसतात. "त्यात गाडीची बॅटरी सारखी उतरते," मंदार म्हणाला. "तू बघून घे, गाडी विकून टाकू. महिनाअखेरीस मी आईला इकडे आणतो आणि डॉक्टरला दाखवतो."

गाड्यांची दुखणी शोधायचा मला नाद आहे, घरचे त्याला खूळ म्हणतात. आंबोलीत एकदा भर पावसात माझी गाडी बंद पडली, तेव्हापासून वीज मोजायचा मल्टिमीटर माझ्या पर्समध्ये कंगव्याशेजारी असतो. पण मावशीचं घर सुटणार, हे मला अजिबात रुचलं नव्हतं. जिने जन्मभर स्वतःच्या विहिरीचं पाणी प्यायलं, ती पुण्याच्या फ्लॅटमध्ये काय करणार?

कोल्हापूरहून पहाटे निघाले. चंदगडमार्गे तिलारी घाट. रस्ता सुंदर आहे, पण उतार आणि वळणं अशी की नवख्याने तिकडे फिरकू नये, आणि पावसाळ्यात जाणार असाल तर घाट चालू आहे का ते विचारूनच निघा. डिसेंबरातलं धुकं इतकं दाट होतं की समोरून येणाऱ्या गाडीचा आधी हॉर्न ऐकू यायचा आणि मग बऱ्याच वेळाने गाडी दिसायची. एकदा नुसताच हॉर्न ऐकू आला. गाडी आलीच नाही. खाली दोडामार्गाला ऊन लागलं तेव्हा जीव भांड्यात पडला. पेट्रोल पुढे गोव्याच्या हद्दीत भरा, स्वस्त पडतं.

डिचोलीत बाजारातल्या एका जुन्या हॉटेलात पातळ भाजी, उंडे आणि मिरची भजी खाल्ली. उंडा म्हणजे इथला गोल, कडक पाव. पोट भरलं आणि खिशाला कळलंही नाही. काका उभं आयुष्य या भागात खनिजाचे ट्रक चालवत होते. त्या वेळी ट्रकांच्या रांगेत अडकून आम्ही वैतागायचो. आता रस्ता मोकळा होता, कडेच्या झाडांवर तांबडी धूळ मात्र अजून होती. मये तळ्यावर थांबले. सहलीसाठी छान जागा, पण त्या दुपारी चिटपाखरू नव्हतं. पाणी इतकं निपचित होतं की मला बोलायचाही धीर होईना, आणि मी काही मुखदुर्बळ बाई नाही.

कोलवाळचा पूल ओलांडून पार्शाला पोचले तेव्हा नाक्यावरचा गुरुदास इलेक्ट्रिशियन मावशीच्या दारात होता. चार्ज केलेली बॅटरी त्याने गाडीत बसवली आणि पाना घाईघाईने स्कूटरच्या डिकीत टाकला.

"चा घेवन वच रे," मावशी म्हणाली.

"नाका मावशे. काळोख पडचे पयलीं वतां." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "आदीं आठवड्याक, आतां जवळजवळ रोज ही बॅटरी चार्ज करून घेता. गाडी मात कोण चलयना."

मावशी अगदी नेहमीसारखी होती. हसरी, चटपटीत, बांगड्याचं तिखलं रटरटत ठेवलेलं. डोकं फिरलेल्या बाईच्या हातचं मीठ इतकं बेतशीर पडत नाही, असं मला ठामपणे वाटलं. मग ऊन उतरलं. मावशीने तुळशीपाशी दिवा लावला, पदर सावरला आणि उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"बघ हां आता," ती म्हणाली.

अंगणाच्या टोकाला पत्र्याची शेड, त्यात काकांची छोटी पांढरी गाडी. माडांखाली काळोख साचत गेला. आणि मग गाडीच्या आत, स्टिअरिंगच्या पलीकडे, उजेड झाला. लालसर, मंद, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. स्टिअरिंगची कड दिसली, सीटची पाठ दिसली. बाकी काही नाही. पण ती सीट रिकामी आहे असं मला शपथेवर सांगता आलं नसतं.

"इलो," मावशी पुटपुटली.

"तू जवळ जाऊन बघितलंस?"

"जाऊक नाय कधी. जवळ गेलंय आणि तो गेलो तर?" थोड्या वेळाने म्हणाली, "हल्ली तो कमी वेळ बसता गो. पयलां रातभर बसायचो. आता जेवणा होयसर जाता."

म्हणून ती बॅटरी चार्ज करून घेत होती. बॅटरी मेली की काका येत नाहीत, हे तिला केव्हाच कळलं होतं. मला रडू आलं आणि थोडी भीतीही वाटली. मी जवळ गेले नाही. जेवणं झाली तोवर शेड काळी पडली होती.

सकाळी पोदेर पाव देऊन गेला. चहाबरोबर गरम उंडा खाल्ला आणि दिवसाउजेडी बोनेट उघडलं. अशी गाडी कशी तपासतात ते तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून सांगते. बॅटरी साडेअकरा व्होल्टच्याही खाली गेली होती. गुरुदासने नेऊन पुन्हा चार्ज करून आणली. मग गाडी सुरू केली, मीटर बॅटरीवर धरला. चौदाच्या वर आकडा, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरीत वीज भरणारा अल्टरनेटर ठणठणीत. मग गाडी बंद केली, दारं लावली, निगेटिव्ह वायर सोडून मधे मीटर जोडला आणि गाडीला झोपू दिलं. झोपलेली गाडी किती वीज खाते ते असं कळतं. ती अगदी नाममात्र खात होती. एकेक फ्यूज काढून पाहिला, आकडा जेमतेम हलला. दिवसा ही गाडी संत होती.

मी मीटर तसाच जोडून ठेवला आणि संध्याकाळी शेडमध्ये खुर्ची टाकून बसले. मावशी उंबऱ्यात. मांद्र्याच्या दिशेने कुठूनतरी पार्टीच्या ढोलाचा ठोका येत होता, तोही थांबला. कुणीही कशाला हात लावला नव्हता. आकडा एकदम उसळला, अर्ध्या अँपिअरच्या पुढे गेला, आणि काचेआड तो लाल उजेड झाला, माझ्यापासून हातभर अंतरावर. मी रामाचं नाव घेतलं. विज्ञान शाखेची पदवी आहे मला, तरी घेतलं.

मग हट्टाने पुन्हा फ्यूज काढत गेले. सगळे काढले. आकडा तिथेच. याचा अर्थ एकच, वीज फ्यूजच्या पेटीतून जातच नव्हती. टॉर्च लावून बॅटरीचा पॉझिटिव्ह चाचपला. जाड वायरीच्या पोटाशी टेप गुंडाळलेली एक बारीक वायर होती, रबरी बुचातून आत गेलेली. ड्रायव्हरचं दार उघडताना मी "काका, येते हां" म्हणाले. डॅशबोर्डवरच्या सातेरी देवीच्या तसबिरीमागे बल्ब होता आणि काचेच्या कोपऱ्यात काळोख पडला की आपोआप दिवा लावणारा स्विच, लोक अंगणात लावतात तसला. बल्ब ट्रकचा, चोवीस व्होल्टचा. छोट्या गाडीच्या बारा व्होल्टवर तो असाच मलूल लाल जळणार.

मी मावशीला हाक मारली. कारण सापडलं तर सांगावं की नाही, याचा विचार दिवसभर केला होता. न सांगितलं तर मंदार तिला वेडी ठरवून नेणार. सांगितलं तर काका जाणार. ती अनवाणी आली, बल्ब बघितला आणि आधी हसलीच.

"ट्रकात लावी तो! 'देवाक काळोखात बसवचो नाय' म्हणी. माका सांगूक नाय मेल्यान!"

ट्रकच्या दोन दांडग्या बॅटऱ्यांना हा दिवा म्हणजे किस झाडकी पत्ती. चिमुकल्या गाडीचं त्याने चार-पाच रात्रींत दिवाळं काढलं. काकांनी तो बसवला असणार आणि त्याच आठवड्यात ते दवाखान्यात भरती झाले. अशी बॅटरी वारंवार पूर्ण उतरली की दर वेळी थोडी थोडी मरते, म्हणून उजेड लवकर जात होता. हे सगळं मी मावशीला समजावून सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे तो येणा नाय," ती म्हणाली. मग गाडीच्या दाराला धरून रडली, काका गेले तेव्हाही रडली नव्हती इतकी. मी तिला जवळ घेतलं आणि स्वतःला मनातून शिव्या दिल्या. वायर काढू का विचारलं, तर पदराने तोंड पुसत म्हणाली, "काढ. आग लागात खंयतरी."

मंदारला फोनवर सगळं दाखवलं. "म्हणजे आईला खरंच दिसत होतं," म्हणाला. पुण्याला न्यायचा बेत त्याने तिथेच रद्द केला.

दुसऱ्या दिवशी मांद्र्याला जाऊन आले. किनारा लांबरुंद आणि शांत आहे, पण डिसेंबरात खोली आधी ठरवल्याशिवाय जाऊ नका. मग बांदा, सावंतवाडी, आंबोली करत घरी. गाडीला नवी बॅटरी बसली आहे, वीजगळती बंद आहे. आठवड्याने मावशीचा फोन आला. आता ती तिन्हीसांजेला स्वतः गाडीत जाऊन देवीपुढे निरांजन लावते आणि शेजारच्या सीटवर घटकाभर बसते.

"छान करतेस," मी म्हणाले.

"आता तो दिसणा नाय गो. पण त्याच्या सीटीर हात ठेवलंय तर गरम लागता. कोण आताच उठान गेल्यासारखी."

पत्र्याची शेड, डिसेंबरची संध्याकाळ, दिवसभर सावलीत उभी असलेली गाडी. मी कारण शोधत बसले, अजून शोधते आहे. रात्री मंदारचा फोन आला, आई कशी वाटली म्हणून. एकदम ठणठणीत, मी म्हणाले, आणि विषय बदलला.