एक चूल, एक सभासदत्व

आमच्या आरोग्य मंडळाच्या घटनेतलं मला पाठ असलेलं कलम एकच. सभासदत्व माणसाला नाही, चुलीला. ज्याचं रोजचं जेवण ज्या चुलीवर शिजतं, त्या चुलीच्या सभासदत्वात तो माणूस धरायचा. चूल सात माणसांची असो की सतरा, वर्गणी एकच. तळवड्याच्या गावठाणात मंडळ निघालं तेव्हा एकेका घरात तीन-तीन भाऊ बायकापोरांसह जेवायचे, म्हणून त्या लोकांनी हा सोपा हिशेब काढला. पुढे शेतांत शेड उभ्या राहिल्या, पलीकडे आयटी पार्क आला, घरांवर मजले चढले आणि मजल्यांबरोबर चुलीही चढल्या. कलम मात्र तेच राहिलं.

घरात चूल वेगळी झाली, की वेगळं होणाऱ्यांनी नवं सभासदत्व घ्यायचं. नव्या सभासदाला पहिलं वर्षभर दवाखान्यातलं औषध मिळतं, ऑपरेशनची मदत मिळत नाही. आजारी पडल्यावर धावत येऊन सभासद होणाऱ्यांना आळा बसावा म्हणून. नियम रास्त आहे. माझ्यावर उलटला तेव्हा मला तो अजिबात रास्त वाटला नाही.

मी लातूरकडची. सासर इथलं जुनं शेतकरी घर. शेत गेलं, राहत्या जागेवर मजला चढला. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. मंडळाच्या पहिल्या दिवसापासून त्या कार्यकारिणीत आहेत, आणि कितीतरी वर्षं तिथं त्या एकट्याच बाई होत्या. पुरुष मंडळी त्यांना वचकून असतात, कारण त्या खोटं बोलत नाहीत आणि दुसऱ्याचं खपवून घेत नाहीत. असा माणूस संस्थेला लाभावा, स्वयंपाकघरात लाभू नये.

आमचं बिनसलं ते येसरावरून. येसर म्हणजे आमच्याकडचं भाजलेल्या धान्यांचं नि मसाल्यांचं पीठ, आमटीला लावतात. माझ्या आईनं पाठवलेला अख्खा डबा आत्याबाईंनी "ह्याला वास येतोय" म्हणून शेजारच्या म्हशीच्या आंबोणात ओतला. वर, म्हशीनं आवडीनं खाल्लं, हेही मला येऊन सांगितलं. गौरी-गणपती उरकल्या उरकल्या मी वरच्या मजल्यावर गॅस घेतला.

एवढ्याशा मसाल्यासाठी घर फोडलं, असं गावठाणात पुष्कळ जणी म्हणाल्या. मसाला निमित्त होता. त्या स्वयंपाकघरात मिठाचा चमचासुद्धा आत्याबाईंच्या परवानगीनं हलायचा. दिवसभर कारखान्याचे हिशेब बघून आल्यावर घरी परवानग्या मागायची मला हौस नव्हती. आजही नाही.

वेगळ्या झालो तसं आम्ही दोघींनी बोलणं टाकलं. खाली त्या आणि दीर, वर आम्ही दोघं. नवऱ्यानं मात्र कुणाशीच वाकडं घेतलं नाही. कामावरून आला की तो आधी खाली आईच्या हातच्या दोन भाकरी खायचा, मग वर येऊन उपाशी असल्याचा चेहरा करून माझ्याकडे पुन्हा जेवायचा. शर्टाची बटणं तुटायला लागली तेव्हा मला या न्यायाचा पत्ता लागला.

संक्रांतीनंतर माझं पोट दुखायला लागलं. रावेतच्या डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, गाठ आहे, लवकर काढून टाका. काढल्यावर तपासायला पाठवू, कशाची आहे ते आत्ता सांगता येत नाही. ते 'कशाची' डोक्यात घोळत राहिलं. घरी येताना वाटेत भाजी घेतली, आणि कोणती घेतली ते घरी येऊन पिशवी उघडल्यावर कळलं.

नवऱ्यानं नुकतीच कंपनी सोडून स्वतःची दोन मशीनची शेड टाकली होती. कंपनीबरोबर कंपनीचा विमाही गेला होता. माझ्या मालकापुढं विम्याचा विषय काढला की त्यांना नेमका फोन येतो. राहता राहिलं मंडळ. चिंचवडच्या एका हॉस्पिटलशी मंडळाचं ठरलेलं आहे, सभासदाचं ऑपरेशन तिथं मंडळाच्या जबाबदारीवर होतं. पण मी सभासद होते कुठे? जुनी चूल सोडलेली, नव्या चुलीला वर्ष व्हायला अजून खूप अवकाश. तेवढे दिवस गाठ थांबेल की नाही, हे सांगायला कुणी तयार नव्हतं.

नवऱ्यानं विषय मंडळाकडे नेला. मारुतीच्या देवळामागं मंडळाची खोली आहे, तिथं संध्याकाळी बैठक बसली आणि मला बोलावणं आलं. अध्यक्ष म्हणजे गावातले वयस्कर गृहस्थ, पूर्वी शेती करायचे, आता जागांचे व्यवहार बघतात. चिटणीस एका कंपनीच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले; नियमापुढं त्यांना देवही धाकटा. आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून आत्याबाई.

मला वाटलं होतं, आजारपणाचं ऐकून बाई विरघळतील. आणि त्यांनी नुसतं 'एकच चूल आहे' म्हटलं असतं, तर त्यांच्या शब्दावर कुणी शंका घेतली नसती. चिटणिसांनी विचारलं, "चूल एक की दोन?"

"दोन," आत्याबाई लगेच म्हणाल्या. "गणपतीपास्नं. मी रोज डोळ्यांनी बघती की."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्या घरचा इषय हाय, नियमानं मला हितं बसता येत न्हाई." दारापाशी जाऊन वळल्या. "आन् कलम अर्धं वाचू नका. खालचं बी वाचा." एवढं बोलून त्या बाहेर देवळाच्या पायरीवर जाऊन बसल्या.

चिटणिसांनी खालचं वाचलं. वेगळी झालेली चूल पुन्हा एक झाली, तर सभासदत्व जुनंच धरावं, मधला खंड मोजू नये. मात्र एक होण्याची इच्छा, जो वेगळा झाला त्यानंच, जुन्या चुलीच्या कर्त्या माणसासमोर, दोन सदस्यांच्या साक्षीनं तोंडानं सांगावी. जुन्या चुलीच्या माणसानं तो विषय आपणहून काढू नये.

"लिहून दिलं तर नाही का चालणार?" मी विचारलं.

"लिहून कुनीबी देतंय, पोरी," अध्यक्ष म्हणाले. "बोलायलाच जड जातंय."

खरं होतं ते. ऑपरेशनच्या टेबलावर झोपायला मी तयार होते, पण हे एक वाक्य काही तोंडातून निघेना. मी बाहेर आले. अध्यक्ष आणि चिटणीस साक्षीला मागं उभे राहिले, त्यांच्यामागं नवरा. आयटी पार्कच्या बसेस सुटायची वेळ, रस्त्यावर हॉर्नचा नुसता कल्ला. आत्याबाई गुडघ्यांवर पदर ओढून समोर बघत बसल्या होत्या.

"आत्याबाई," मी म्हणाले, "चूल एक करायची आहे."

आवाज भांडणाचाच निघाला.

"कर की मग," त्या म्हणाल्या. "कोन न्हाई म्हनतंय?"

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण आमची घटना पक्की आहे. चूल खरंच एक झाली का हे बघायला आठवड्याच्या आत दोन सदस्य घरी येऊन जेवतात. सगळं घर एका पंगतीला आणि सगळं अन्न एका चुलीवरचं. जेवणही रोजचंच हवं. पुरणपोळी केली तर पाहणी रद्द, कारण सणाला तर भांडलेली घरंही एकत्र जेवतात. घरोघरी मातीच्या चुली, तेव्हा असले नियम करताना सगळ्यांनी आपापलं घर डोळ्यांपुढं ठेवलं असणार.

पाहणीच्या दिवशी मी कामावरून लवकर निघाले. आत्याबाईंच्या गॅसवर एकीकडे तवा, एकीकडे वांग्याची भाजी. त्या भाकरी थापत होत्या, माझ्याकडे बघतही नव्हत्या. नुसतं उभं राहून मी करू काय? सवयीनं वर गेले, आमटीला फोडणी दिली, येसर लावला, चांगली उकळी आणली आणि पातेलं सांडशीत धरून जिना उतरले. त्यात काही चुकतंय हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

खाली ताटं वाढून झाली होती. अध्यक्षांनी घास उचलला होता. चिटणिसांनी पातेल्याकडे बघितलं, मग जिन्याकडे, मग माझ्याकडे.

"ही आमटी कुठं शिजली?"

नवऱ्यानं ताटात मान घातली. एका आमटीपायी सगळं ओंफस होणार, गाठ पोटात तशीच राहणार, हे मला उभ्या उभ्या दिसलं. धडधडीत खोटं बोलायला मी तोंड उघडलंही होतं, पण आत्याबाई आधी बोलल्या.

"वर."

चिटणिसांनी ताट पुढं सरकवलं. "मग चुली दोनच झाल्या की."

"आवो, शिजलीया कुठं आजून?" आत्याबाई उठल्या. भाजीची कढई खाली उतरवली, माझ्या हातातलं पातेलं घेतलं आणि आपल्या गॅसवर चढवलं. पळीत घेऊन चाखलं. "कच्ची हाय. पीठ लागतंय जिभंला. बसा जरा."

आमटी कच्ची नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगते. त्या बाईला खोटं बोलताना मी आयुष्यात एवढं एकदाच ऐकलं. किंवा त्यांना ती खरंच कच्ची लागली असेल. माझ्या हातचं काही पुरतं शिजलंय असं त्यांना कधी वाटलेलं नाही.

पंगत हात आवरून बसून राहिली. आमटीला एक उकळी आली, दुसरी आली. आत्याबाईंनी मला न विचारता त्यात वरून मीठ घातलं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी भांडी आपटली असती. त्या दिवशी मनात म्हटलं, अख्खी बरणी ओता, पण पातेलं तिथंच राहू द्या. शेवटी त्यांनी ते उतरवून पंगतीत आणलं.

चिटणिसांचं समाधान झालेलं नव्हतं. "पण सुरुवात तर वरच झाली ना?"

अध्यक्षांना कडकडून भूक लागली होती. "सुरवात म्हनाल तर रानात झाली, तूर उगवली तवा," ते म्हणाले. "आमटी जिथनं उतरली, ती तिची चूल. तसं लिवा, आन् जेवू द्या राव."

चिटणिसांनी तसं लिहिलं. मग आमटी भुरकली आणि मान खाली घालून दुसरी वाटी पुढं केली. पुढच्या वार्षिक सभेत हा खुलासा घटनेत एकमतानं मंजूर झाला. माझ्या आमटीमुळं झालेली ती एकमेव दुरुस्ती, आणि तीही खारट आमटीमुळं, हे मी सभेत उठून सांगितलं नाही.

पाहुणे गेल्यावर मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले. इतके दिवस छातीवर कुणी जातं ठेवलं होतं ते उचललं गेलं होतं. बाहेर आत्याबाई नवऱ्याला सांगत होत्या, "पानी जातंय बघ नुस्तं. बंद कर म्हनावं."

ऑपरेशन नीट पार पडलं. आत्याबाई रोज हॉस्पिटलात यायच्या, कॉटशेजारच्या स्टुलावर बसायच्या आणि शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकांना मंडळाचं महत्त्व समजावून सांगायच्या. माझ्याशी बोलणं जुजबीच. टाके काढायच्या दिवशी गाठीचा रिपोर्ट हातात आला. साधी गाठ होती. काही धोका नाही, डॉक्टर म्हणाले, घरी जा आणि जेवा पोटभर. नवरा कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभ्या उभ्या हुंदके द्यायला लागला, आणि त्याला पाणी आणून द्यायची वेळ माझ्यावर आली. पाणी आणायला जाताना मी चक्क गाणं गुणगुणत होते.

घरी निघालो तेव्हा मी आणि आत्याबाई रिक्षात, नवरा मागून मोटारसायकलवर. खड्डा आला की त्या माझ्या पोटापुढं हात आडवा धरायच्या आणि खड्डा गेला की काढून घ्यायच्या. गावठाण जवळ आलं तसं त्या म्हणाल्या, "आता बरी झालीस. परत येगळं ऱ्हायचं आसंल तर ऱ्हा. कुनी आडवनार न्हाई, नियमात बसतंय."

"नको हो," मी हसून म्हणाले. "पुन्हा सगळ्यांसमोर ते वाक्य मलाच बोलावं लागेल."

त्या हसल्या नाहीत. बाहेर बघत राहिल्या.

"माझ्या सासूनं मला न इचारता पंचांपुढं चूल एक केली व्हती," त्या म्हणाल्या. "येगळी झाल्याली मी, आन् परत आत घेनारी ती. म्हनून मंडळ निघालं तवा मीच हट्टानं ते कलम घालाया लावलं. सासूनं तोंड उघडायचं न्हाई, सुनंनंच सांगायचं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मग गणपतीपास्नं रोज जिन्याकडं बघत बसले. तुझी पावलं वाजायची, आन् मला हाक मारता यायची न्हाई."