हिल्माच्या कबरीवरची फुलं

आमच्या नॉरहामन गावच्या कागद कारखान्यात अल्गोत सुंदीन बॉयलरवर कामाला होता. उंच, हाडकुळा, बोलायला अगदी मोजका. चर्चच्या गायनवृंदात मात्र खर्जातला आवाज त्याचाच. मी देशाच्या पार दक्षिणेतून, स्कोनहून येऊन इथे न्हाव्याचं दुकान टाकलं, तोवर त्या वृंदात त्याला कुणी बोलावेनासं झालं होतं.

कारण घडलं होतं कारखान्यात संप चालू असताना, फेब्रुवारीत. थंडी अशी पडली की कारखान्यातलं पाणी गोठायला लागलं. पाइप फुटले तर संप मिटल्यावरही कारखाना वसंतापर्यंत चालू व्हायचा नाही, म्हणून अल्गोत एक दिवस आत गेला आणि बॉयलर पेटवून आला. धुराड्यातून धूर निघालेला साऱ्या गावानं पाहिला. पुढच्या आठवड्यात संप मोडला. तसा तो मोडणारच होता. युनियनमध्ये आधीच दोन तट पडले होते. पण खापर फोडायला कुणीतरी हवं होतं, आणि धूर तर सगळ्यांना दिसलेला.

सुरुवातीला टोमणे होते. ‘काय अल्गोत, चांगली ऊब मिळाली ना?’ असं कुणीतरी म्हणायचं आणि बाकीचे हसायचे. मग टोमणेही थांबले. कॉफीच्या सुट्टीत तो येऊन बसला की बाकावरचे बाकीचे एकेक करून उठत. त्याच्या बायकोला, हिल्माला, शिवणकामाच्या मंडळाची वेळ बदलल्याचं कुणी कळवलं नाही. मुलगी मायकेन मोठी झाली आणि पहिली संधी मिळताच सुंद्‌स्वाल शहरात निघून गेली. नवराबायको मात्र राहिले. हिल्मा म्हणायची, आपण गेलो तर त्यांचं खरं ठरेल.

न्हाव्याच्या खुर्चीत माणूस एकटा असतो. युनियनचा सेक्रेटरी हेल्गे विकस्त्रम एकदा आरशात माझ्याकडे बघत म्हणाला, त्याच्या मनात अल्गोतबद्दल काही नाही, बोलावंसंही वाटतं, पण बाकीच्यांना ते चालायचं नाही. पुढच्याच आठवड्यात पाववाला फोल्के आला. तोही तेच बोलला, जवळजवळ त्याच शब्दांत. अशी कितीतरी माणसं. शेवटी मी हेल्गेला स्पष्टच सांगितलं, की बाकीचेही अगदी हेच म्हणतात.

“तुझ्यासमोर म्हणतात रे,” तो म्हणाला. “तू स्कोनचा. इथली माणसं तुला नाही कळायची.”

मी फोल्केलाही सांगून पाहिलं. तो नुसता हसला.

हिल्मा गेली ती शरद ऋतूत, छातीच्या दुखण्यानं. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी फुलवाली एस्टर मला म्हणाली, दुकानात देठसुद्धा उरला नाही, सगळी फुलं संपली. मला वाटलं, चला, उद्या हा बहिष्कार सुटणार.

दुसऱ्या दिवशी शवपेटीमागे आम्ही तिघंच होतो. अल्गोत, मायकेन आणि मी. मोठ्या रस्त्यानं चर्चकडे जाताना मी दोन्ही बाजूंना बघत होतो. हेल्गे काळा कोट घालून आपल्या दारात उभा होता. हातात पांढरी फुलं होती. तो आमच्याकडे बघतच नव्हता. समोरच्या फोल्केच्या खिडकीकडे बघत होता. खिडकीत फोल्के काळा टाय बांधून उभा, आणि त्याची नजर हेल्गेच्या पायांवर. पुढच्या घरांतही तेच. कुणीतरी आधी पायरी उतरावी म्हणून सगळा रस्ता तयार होऊन थांबला होता. मी हेल्गेला हात करून बोलावलं. तो अर्धं पाऊल पुढे आला, पुन्हा समोर बघितलं आणि आत गेला. आम्ही पुढे चालत राहिलो. चर्चमध्ये पाद्रीबुवा मोकळ्या बाकांना उद्देशून बोलले.

अंत्यविधीनंतरच्या सकाळी अल्गोत कबरीवर गेला तर माती दिसत नव्हती, इतकी फुलं. लोक एकेकटे, एकमेकांची नजर चुकवून येऊन गेले होते. आमच्याकडे फुलांच्या फितीवर देणाऱ्याचं नाव असतं. एकाही फितीवर नाव नव्हतं.

शनिवारी तो दाढीला आला तेव्हा हेल्गे आणि फोल्के दोघंही नंबर लावून बसले होते. अल्गोत दारातच थांबला. टोपी काढली.

“हिल्माला फुलं वाहिलीत,” तो म्हणाला, “ज्यांनी कुणी वाहिली त्यांचे आभार मानायचेत. कुणाचे मानू, ते कळत नाही.”

दोघांनी वर्तमानपत्रं आणखी वर धरली. मला राहवलं नाही. “हेल्गे, पांढरी फुलं तुझ्या हातात मी पाहिली,” मी म्हणालो.

हेल्गेनं फोल्केकडे पाहिलं. “ती आईच्या कबरीसाठी होती,” तो म्हणाला.

मी फोल्केकडे वळलो, तर अल्गोतनं माझ्या बाहीला धरलं. “असू दे,” तो म्हणाला. “त्यांना त्रास नको देऊस.” दाढी न करताच तो निघून गेला. फोल्के खिडकीतून त्याला वळणापर्यंत बघत राहिला. उठला मात्र नाही.

बर्फ पडायच्या आत मायकेन त्याला सुंद्‌स्वालला घेऊन गेली. तिच्याकडे दोन खोल्या होत्या आणि खिडकीखाली मालगाड्यांचं यार्ड. तिथे शेजारी त्याला रोज नमस्कार करत, पण हा चटकन उत्तरच देत नसे, असं तिनं पुढे मला सांगितलं. आधी मागे वळून बघायचा, कुणाला म्हणाले म्हणून. नाताळ यायच्या आधीच तो वारला.

ती बातमी आली त्या दिवशी हेल्गे माझ्या खुर्चीत होता. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. डोळे पुसत म्हणाला, “फार छळलं बघ या गावानं त्याला. एकानं जरी हाक मारली असती.”

मी काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात दार वाजलं. फोल्के आत आला. हेल्गेनं तोंडावरून हात फिरवला आणि यंदा खाडी लवकर गोठली म्हणाला. फोल्के म्हणाला, हो, यंदा लवकरच.