द्वारपालाची दोनशे बारा पानं

आमचे हे दारं करायचे. सुतार नव्हेत, सुतार असते तर निदान स्वयंपाकघरातलं कपाट तरी नीट लागलं असतं. हे व्हिडिओ गेममधली दारं करायचे. पडद्यावरचा शिपाई आला की दार उघडायचं, आत गेला की लागायचं. लग्न ठरताना मला वाटलं होतं, त्यात काय एवढं? त्यात काय एवढं ते मी अकरा वर्षं ऐकतेय. शिपायाची तलवार दारात अडकते. मागचा शत्रू बंद दारातून आरपार येतो. घोडा आत जातो तो बाहेरच येत नाही. स्टुडिओतले लोक ह्यांना द्वारपाल म्हणायचे आणि हे त्यावर खूश असायचे.

स्टुडिओ म्हणजे फरशांच्या दुकानावरचा मजला, साठ माणसं आणि कायम गळणारा एसी. सात वर्षांपूर्वी तो एका कन्सोलवाल्या कंपनीने विकत घेतला. टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा असतो ना, तो बनवणारी कंपनी. केक कापला, सगळ्यांना एकसारखी जाकिटं वाटली, आणि पडद्यावरून मोठे साहेब म्हणाले, "आजपासून तुम्ही आमच्या कुटुंबातले." मी दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायचं काम करते. 'अजिबात दुखणार नाही' म्हणणाऱ्याचा आवाज मला बरोबर कळतो. म्हटलं, "जरा जपून राहा." तर हे म्हणाले, "तुला सगळ्यातच खोट दिसते." आणि जाकीट घालूनच जेवायला बसले.

मग सहा वर्षं एकच गेम. जुना किल्ला आणि त्यात चारशे दारं. ह्यांची इच्छाही एकच: गेम संपल्यावर पडद्यावर नावांची यादी सरकते, त्यात आपलं नाव असावं. आधीच्या छोट्या गेममध्ये नुसतं स्टुडिओचं नाव असायचं. या खेपेला माणसांची नावं येणार होती. सासूबाईंनी तर जिन्यात भेटेल त्याला सांगून ठेवलं होतं, कारण मुलगा नेमकं काय करतो हे त्यांना आजवर कोणालाच दाखवता आलं नव्हतं.

या कंपन्या आपलेच स्टुडिओ का बंद करतात ते ह्यांनी मला तीनदा समजावलं. डबा तोट्यात विकायचा, का तर गेमवर भरून काढू. डबा खपायला दुसरीकडे न मिळणारे गेम हवेत, म्हणून स्टुडिओ विकत घ्यायचे. एका गेमला लागतात सहा वर्षं. तेवढ्यात साहेब दोनदा बदलतो, आणि नव्याला आधीच्याची प्रत्येक खरेदी उधळपट्टी वाटते. दुसरा साहेब म्हणाला, महिन्याची वर्गणी भरा, सगळे गेम त्यातच खेळा. तिसऱ्याने येऊन विचारलं, तुमचे गेम सुटे का खपत नाहीत? आता वर्गणीत मिळतंय म्हटल्यावर सुटं कोण घेईल? पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळीचं काय ऐकू जाणार! शिवाय त्याला हवा होता लोक जन्मभर खेळत राहतील असा गेम. आमच्या किल्ल्याची गोष्ट वीस तासांत संपायची. गोष्ट संपते म्हणजे केवढा गुन्हा!

गेम बाहेर पडायला चार महिने असताना मुख्य कार्यालयाचं पत्र आलं: प्रत्येकाने आपलं काम असं लिहून काढावं की अनोळखी माणसालाही ते पुढे नेता येईल. शहाण्या माणसाने हे वाचून त्याच दिवशी दुसरी नोकरी शोधली असती. हे म्हणाले, "दुसरा भाग करायचा विचार दिसतोय. नवी माणसं घेणार." बाकीच्यांनी तीन-तीन पानांत उरकलं. ह्यांनी एकेका दाराचा स्वभाव लिहिला, आकृत्या काढल्या, दोनशे बारा पानं भरली. शुद्धलेखन मी तपासलं. हो, मीच! खोट ओळखणारी मी, "इथे स्वल्पविराम हवा" म्हणत शेजारी बसले होते.

सहा आठवड्यांनी तिसरे साहेब पडद्यावर आले. "अत्यंत जड अंतःकरणाने," असं म्हणून त्यांनी नऊ मिनिटांत स्टुडिओ बंद केला. सहाव्या मिनिटालाच सगळ्यांचे संगणक बंद पडले होते. गेम मात्र बंद झाला नाही. हत्ती गेला होता, शेपूट राहिलं होतं. ते कंपनीच्याच दुसऱ्या स्टुडिओकडे गेलं. त्या आठवड्यात कंपनीचा शेअर वर गेला. घरातली साठ माणसं गेली की ज्यांच्याकडे पेढे वाटतात, असं ते कुटुंब.

मग फोन सुरू झाले. दुसऱ्या स्टुडिओतला दारांचा नवा माणूस विचारायचा, "सर, पान एकशे चाळीस. कोठाराचं दार घोड्याला ओळखतच नाहीये." आणि हे, घरी बसलेले, बिनपगारी, तासतासभर सांगत राहायचे. मी म्हटलं, "गरज सरो, वैद्य मरो हे ऐकलं होतं. इथे वैद्याला मारून वर त्यालाच नाडी दाखवतायत."

"अगं, दार बिघडलेलं बाहेर गेलं तर नाव माझंच जाईल. यादीत येणार आहे ते."

"यादीचं विचारलंत का त्याला?"

"त्यात विचारायचं काय?"

गेम आला. आम्ही पूर्ण किंमत मोजून घेतला. ह्यांनी चार दिवसांत किल्ला सर केला आणि रविवारी दुपारी, शेवटाला, सासूबाईंना हाक मारली. त्या चष्मा पुसून पुढच्या खुर्चीत बसल्या. यादी सव्वीस मिनिटं सरकत होती. तिन्ही साहेब होते. वकील होते, जाहिरातवाले होते, गेम बनत असताना जन्मलेली बाळं होती, मुख्य कार्यालयातलं कुत्रंही होतं. 'दारं' असं लिहून पुढे एकच नाव होतं, त्या फोनवाल्याचं. आयत्या बिळावर नागोबा!

"पुढे असेल, नाही का रे?" सासूबाईंनी विचारलं.

"हो आई."

पुढे नव्हतं. पडदा काळा झाला तरी त्या बसून होत्या. ह्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने संध्याकाळी कळवलं: साहेबलोक सोडले तर, गेम बाहेर पडतो त्या दिवशी जो नोकरीत असेल त्याचंच नाव घालायचं, असा कंपनीचा नियम आहे. "नियमच आहे," ह्यांनी मला सांगितलं, जणू चूक माझी होती. मला रडू आलं. नळ मोठा सोडून मी भांडी घासत राहिले.

बुधवारी ह्यांचा फोन वाजला. हे अंघोळीला गेले होते, मी घेतला.

"वहिनी, सर आहेत का? बुरुजाचं दार अडकतंय, हजारो तक्रारी आल्यात. दोनशे बारा पानं चाळली, सापडत नाहीये."

दवाखान्यातला माझा गोड आवाज लावून मी विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

त्याने गोंधळून ह्यांचं पूर्ण नाव सांगितलं.

"थांबा हं, तुमच्या यादीत बघते." मी ओठ आवळून दहा आकडे मोजले. "नाही हो. या नावाचं कोणी तुमच्याकडे कामाला नव्हतंच." आणि फोन ठेवला.

वळले तर हे मागे उभे, डोक्यावरून पाणी निथळतंय. सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता चिडतील.

"कोणतं दार म्हणत होता?" ह्यांनी विचारलं.

मी सांगितलं नाही.