लॉर्नाचे पिवळे बोये

ग्रँड मनान बेटाच्या नैऋत्येला जे पाणी कॅनडा आणि अमेरिका दोघेही आपलंच म्हणतात, तिथे सरहद्दीची एकही खूण नाही. शेवंडांच्या, म्हणजे लॉबस्टरच्या, सापळ्यांवर तरंगणारे ज्याच्या त्याच्या रंगाचे बोये हीच तिथली सरहद्द. लॉर्ना गप्टिलचे पिवळे बोये कॅनडाच्या बाजूने सगळ्यांत बाहेर असायचे. नवरा गेल्यावरही तिने ती जागा सोडली नव्हती.

त्या सकाळी तिच्या बोयाच्या दांडीला कुणीतरी दोराच्या दोन गाठी मारून ठेवल्या होत्या. याचा अर्थ तिथे कुणाला सांगावा लागत नाही: इथून हल, नाहीतर पुढच्या खेपेला दोर कापू.

"सोडव त्या गाठी आणि टाक सापळा परत," बरोबर आलेला धाकटा दीर एमेट म्हणाला. "तू हललीस की ते अमेरिकावाले माझ्या बोयांपाशी येऊन बसतील."

"सापळे काय तुझे जाणार आहेत?"

"दादा असता तर हलला नसता."

"तो नाही, म्हणूनच तर गाठी माझ्या बोयाला पडल्या. तुझ्या का नाही पडल्या?"

लॉर्नाने गाठी सोडवल्या आणि एकेक सापळा होडीत ओढून घेतला. संध्याकाळपर्यंत पिवळे बोये बेटाच्या अंगाला सरकले होते. बाहेरच्या कडेला आता एमेटचे तांबडे बोये होते.