डबलबाई

आमच्या सुनेला लॅबमध्ये सगळे डबलबाई म्हणतात. रक्ताचा कुठलाही आकडा वेडावाकडा आला की ती तो नमुना पुन्हा मशीनला लावते, मगच रिपोर्टवर सही. घरचं कुलूपही दोनदा ओढून बघते. मी चिडवायचे, "बाई गं, भाजीत मीठ तेवढं दोनदा घालू नकोस!"

दोन वर्षांपूर्वी लॅबमध्ये नवं किट आलं. अंडाशयात स्त्रीबीजांचा साठा किती उरलाय, ते सांगणाऱ्या हार्मोनच्या तपासणीचं. नवं किट पारखायला तिथलेच लोक आपलं रक्त देतात, तसं हिनंही दिलं. वय अठ्ठावीस, तब्येत ठणठणीत. आणि आकडा आला पंचेचाळिशीच्या बाईचा. "किट भिकार आहे, परत पाठवा," सगळे एका सुरात म्हणाले. हिनं तेच रक्त जुन्या किटवर लावलं. तोच आकडा.

गप्प बसली असती तर कुणाला कळलं असतं? पण हिनं 'किट योग्य' लिहून सही ठोकली. घरी आली, चप्पलही न काढता म्हणाली, "आई, किट चांगलं आहे," आणि माझ्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली. सगळं कळलं तेव्हा मी तिला घट्ट धरलं. मुलाचा ध्यास होता हो दोघांना.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बीजं कमी आहेत, पण वय लहान आहे. एक चांगलं मिळालं तरी पुरे. वेळ मात्र घालवू नका." बीजं वाढवायची इंजेक्शनं सुरू झाली. रोज ठरल्या वेळी, पोटात, स्वतःच्या हातानं. माझा मुलगा सुई बघूनच पांढराफटक! पहिल्या खेपेला एकही बीज हाती लागलं नाही. दुसऱ्या खेपेला दोन, त्यातून गर्भ एकच. शेजारीण हळहळली, "बिचारी गं." मी फाडकन म्हटलं, "बिचारी कुणाला म्हणतेस? तिच्याएवढी छाती आहे का कुणाची?"

गर्भ आत सोडल्यावर पंधरा दिवसांनी, तो रुजला का ते बघायला रक्त तपासायचं होतं. तिच्याच लॅबमध्ये. मी बाहेर बाकावर. बऱ्याच वेळानं तिनं दारातून डोकावून सांगितलं, "पुन्हा लावलंय."

"अगं बये, पहिल्यांदा काय आलं ते तरी सांग!"

"दोनदा आल्याशिवाय नाही."

असा राग आला मला! पण स्वतःच्या विरुद्ध गेलेल्या आकड्यावर सही करणारी हीच ना ती? राग गिळून बसले. माझी सून आहे ती, अभिमान वाटतो मला.

शेवटी बाहेर आली. हातात मोजे तसेच, डोळ्यांना धार.

"आई, दोन्हीदा आलं," ती रडता रडता हसली. "किट चांगलं आहे!"