जाऊबाईंचा शेवटचा डाव

आमच्या थोरल्या जाऊबाई मेल्या, त्याला आज वरीस झालं. सकाळपासून मी खुशीत हाय.

नात म्हणली, "आजी, असं लिहीत नसतेत. आत्म्याला शांती मिळो, असं लिही."

म्हणलं, मला जित्तेपणी शांती दिली न्हाई त्यांनी. मी त्यांच्यासाठी कुठून आणू?

वर टाकलेल्या फोटोत जाऊबाई लई गरीब दिसून राह्यल्यात. फोटोवर जाऊ नका.

मी लग्न होऊन धावड्याला आल्ते तव्हा दुसरी पास. भाकर थापली की तिला कोपरे यायचे. जाऊबाईंनी मला वरून खाली पाह्यलं अन् सगळ्या पाव्हण्यांम्होरं म्हणल्या, "हिला बुजगावणं करून कापसात उभी करा. तेवढीच कामाला येईल."

सगळे हसले. आमचे मालकबी.

मंग दुपारी मला म्हणल्या, "कुसे, अष्टा-चंगा येतो का गं खेळायला?"

येत नव्हता. म्हून तर विचारलं.

आता पोरं फोनवर खेळतेत, त्यांना काय माहीत. ओट्यावर कोळशानं पट काढायचा. दोन चिंचोके फोडून चार फाका करायच्या. टाकल्या की जितक्या पांढऱ्या पडतील तितकी घरं सोंगटी पुढं. आमच्या सोंगट्या म्हंजे फुटक्या बांगड्याचे तुकडे. जिच्या सगळ्या सोंगट्या आधी मधल्या घरात, ती जिंकली.

जी हरंल तिनं दोन्ही घरची भांडी घासायची. नियम त्यांचाच.

तीस-बत्तीस वर्षं भांडी मी घासली.

बाळंतपणाला माहेरी गेल्ते, तेवढी सुट्टी.

खेळायच्या मात्र भारी, खोटं कशाला बोलू. माझी सोंगटी मारली की माझ्या तोंडाकडं बघत सुपारी कातरायच्या. म्हणायच्या, "रडू नको, राख ओली होईल. मंग भांडी कशानं घासशील?"

अन् जीभ तर अशी, की इळ्याला धार लावायची गरज न्हाई. एकदा मी जाफराबादच्या बाजारात हिरवी साडी घेतली. हौसेनं तिथंच नेसून निघाले. येताना जीपमधी दहा माणसं, डायव्हर धरून. त्यात ह्या म्हणल्या, "भेंडीला लुगडं नेसवलं तरी भेंडीच."

ती साडी मी पुना नेसले न्हाई.

आज नेसले. फोटो खाली टाकलाय. सांगा कशी दिसते.

तर मंग त्यांचे डोळे गेले. काचबिंदू. डॉक्टर म्हणले, गेलेली नजर परत येत न्हाई. घरचे रडले. मीबी रडले, लोकांम्होरं.

चौथ्या दिवशी पट मांडला.

"कुसे, मला दिसत न्हाई आता."

"मी हाय ना, बाई. किती पडले ते मी सांगते."

तिथून मी जिंकायला लागले.

त्यांचे तीन पडले की मी दोन सांगायचे. त्या हुशार, हात फिरवून चिंचोके चाचपायच्या. तवर मी जल्दी एक उलथा करून ठेवलेला असायचा.

आंधळी बाई मोरीत बसून भांडी घासून राह्यली अन् मी ओट्यावर सुपारी कातरून राह्यले. लई ग्वाड लागायची.

त्यांची सून म्हणली, "काकू, जरा लाज वाटू द्या."

मी काही म्हणायच्या आत जाऊबाईच मोरीतून बोलल्या, "तिला बोलू नको. हरले ते हरले."

असे चार वर्षं.

मागच्या साली खाटेवरून उठंनात. अन्न जाईना. सून पाण्याला गेल्ती, त्यांचा भास्कर शेतात. मला म्हणल्या, "एक डाव टाक. एवढा एक जिंकून जाते."

खाटेवरच पट मांडला. लई येळ चालला. त्यांची एकच सोंगटी राह्यली, मधल्या घराला चार कमी. माझीबी एकच, दोन कमी.

मी त्यांचे चिंचोके टाकले.

"किती?"

"तीन."

"बराबर पाह्य."

"तीनच हाय, बाई."

त्यांनी हात उचलायला बघितला. उचलला न्हाई.

मंग मी माझे टाकले. एक पडला. दोन म्हणलं अन् सोंगटी मधल्या घरात सारली.

मंग म्हणल्या, "भांडी ठिव बाजूला. उठले की घासते."

सकाळी गेल्या.

दहाव्याला कावळा शिवंना. ऊन डोक्यावर आलं. भास्करनं हात जोडून सगळं कबूल केलं. बहिणीला दिवाळीला आणीन, तुझी म्हैस इकणार न्हाई, दारू बिलकुल बंद. कावळा लिंबावर बसून ऐकून राह्यला, खाली येईना.

भास्कर माझ्याकडं आला. "काकू, तुम्ही तिच्या सगळ्यात जवळच्या. काय राह्यलं असंल आईचं?"

मला माहीत होतं.

म्हणलं, "जिलबी आवडायची त्यांना."

गाडी पळवली, जिलबी आणली, पिंडाजवळ ठिवली. कावळा उडून गेला. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवावा लागला. उरलेली जिलबी मी खाल्ली. गरम होती.

आज भास्कर वाचून राह्यला, सून वाचून राह्यली, सारा गाव वाचून राह्यला. म्हून लिहिते.

चार पडले होते, बाई.

जिंकल्त्या तुम्ही.

भास्कर, तुला राग यायचा तर येऊ दे. मला पश्चात्ताप न्हाई. ऐकायला त्या न्हाईत म्हून सांगितलं. आज उठून बसल्या अन् "किती?" म्हणल्या, तर मी तीनच म्हणीन.

धाकल्या जावेचा दंडवत घ्या, बाई. चला, रामराम.