कमलचं ॲडजस्ट

मला इंग्रजीतला एकच शब्द नीट येतो. तोही बायकोनं शिकवला, आणि बायको कधी शाळेत गेली नव्हती.

शब्द म्हणजे ॲडजस्ट. आमची सून मोशीच्या फ्लॅटात हॉलमध्ये पोरांची शिकवणी घेते. परवा तिनं पोरांना ॲडजस्टचा मराठीत अर्थ विचारला. पोरांना येईना. मी आतल्या खोलीतून ओरडलो, "सरकणं." पोरं फिदीफिदी हसली. सून म्हणाली, "बाबा, पुस्तकात समायोजन करणे दिलंय." म्हटलं, लिही बाई. पण कमलनं उभ्या जन्मात कधी समायोजन केलं नाही. ती सरकली, आणि लागेल तसं दुसऱ्याला सरकवलं.

कमल जाऊन वर्ष उलटलं. तिचा शब्द मात्र घरात राहिलाय, आणि तो वापरायला माझ्याशिवाय कुणी नाही.

भोसरीला आमची एक खोली होती. एक म्हणजे एकच! त्यातच चूल, मोरी, देव आणि पलंग. लातूरकडचा आमच्या गावचा कुणी पोरगा कंपनीत लागला, की पिशवी घेऊन थेट आमच्या दारात उभा. कमलनं कुणाला परत लावलं नाही. पहिल्या शिफ्टवाला उठला की त्याच गादीवर तिसऱ्या शिफ्टवाला आडवा व्हायचा. आमच्या घरची गादी कधी गार पडली नाही.

हा शब्द तिला शेअर रिक्षात सापडला. मागच्या सीटवर चौथं माणूस कोंबताना रिक्षावाला म्हणायचा, "ताई, जरा ॲडजस्ट करा." तिनं तो उचलला आणि घरी आणून वाट्टेल तिथं लावला. गादीवर म्हणाली तर सरका. आमटी कमी पडली तर पाणी वाढवा. भावकी रुसली तर पोटात घाला. आणि माझ्याकडं बघून म्हणाली, तर गप बसा. (हा अर्थ मला सगळ्यात जास्त वेळा लागला.)

आता गोंधळ सांगतो. कमलची धाकटी बहीण सुनंदा आमच्याकडंच राहायची. आईबाप गेलेले, लग्न आम्हीच करायचं. एक स्थळ आलं होतं, पण खोलीत परके गडी झोपलेले बघून पाहुणे चहा न घेताच गेले. सुनंदा दोन दिवस जेवली नाही. मग चाकणहून दुसरं स्थळ आलं. पोरगा टर्नर, बाप करारी. कमलनं मला बजावलं, "अहो, असा दिवस सांगा, की खोलीत आपण तिघंच असू. हे स्थळ गेलं तर पोरगी खचंल."

मी लई विचार केला आणि कमलला न विचारता चाकणला परस्पर गुरुवार कळवला. दत्ताचा वार, शिवाय माझी सुट्टी. स्वतःच्या अकलेवर मी इतका खूश झालो, की वाटेत पान खाल्लं.

आता एमआयडीसीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, की आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. माझी, म्हणजे सगळ्या भोसरीची! तिथं निम्मं आयुष्य घालवून हे मला गुरुवारी सकाळी आठवलं, खोलीत चार गडी घोरत पडलेले बघून.

पाहुणे आजच येतात म्हटल्यावर कमलनं माझ्याकडं बघितलं. हातातलं लाटणं खाली ठेवलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

म्हटलं, बाहेर काढू सगळ्यांना. तर सुट्टी म्हणजे धुण्याचा दिवस. तिघांच्या पहाटेच धुतलेल्या पँटी दोरीवर ओल्या, आणि तिघं टॉवेलवर. चौथा दगडू, तिसऱ्या पाळीहून येऊन पलंगाखाली पडला होता. त्याला हलवलं तर तो झोपेतच म्हणाला, "आज सुट्टी." तेवढ्यात पाहुणे गल्लीच्या तोंडाशी आल्याचा निरोप आला.

"बसा गप," कमल म्हणाली. "मी करते ॲडजस्ट."

माझ्या दोन पँटी दोघांना दिल्या. तिसऱ्याला माझं लग्नातलं धोतर नेसवलं. दगडूपुढं पलंगावरनं चादर सोडली. आणि तिघांना बजावलं, की आजच्या दिवस तुम्ही ह्यांचे नातेवाईक.

पाहुणे बसले. पोराच्या बापाची नजर भिंतीवरनं, दोरीवरच्या पँटींवरनं, दाराशी पडलेल्या बुटांच्या ढिगावरनं फिरली. मी धोतरवाल्याकडं बोट केलं आणि म्हणालो, "हे आमचे चुलते." चुलता माझ्याहून दहा वर्षांनी लहान होता. त्याला मिसरूडही नीट फुटलं नव्हतं.

"धाकटे चुलते," कमलनं सावरलं.

सुनंदा पोहे घेऊन आली. सगळं जमत आलं होतं. आणि पलंग घोरायला लागला.

मी खोकलो. पलंग आणखी जोरात घोरला. मी इतका खोकलो, की पाहुण्यांनी मलाच पाणी दिलं. मग पोह्यांचा वास खाली पोचला असावा. घोरणं थांबलं, चादर हलली आणि चड्डी-बनियनवर दगडू बाहेर आला. "वहिनी, माझे पोहे?"

समोर एवढी माणसं बघून त्यानं सगळ्यांना नमस्कार केला आणि परत खाली शिरायला लागला.

सुनंदानं ताट खाली ठेवलं आणि मोरीकडं वळली. मी तोंड उघडलं, तर कमलनं हातानंच मला ॲडजस्ट केलं.

"मामा," ती पोराच्या बापाला म्हणाली, "खोटं बोललो आमी. हे चुलतेबिलते न्हाईत, गावची पोरं हायेत. जागा न्हाई म्हणून कुणाला परत लावणं मला जमत न्हाई. ह्यात माझ्या बहिणीचा काय दोष?"

म्हातारा उठला. मला वाटलं, गेलं स्थळ. त्यानं वाकून पलंगाखाली बघितलं.

"खाली हा एकटाच झोपतो?"

"व्हय."

"आमच्याकडं चाकणला दोघं झोपतात," तो म्हणाला आणि परत खाली बसला. "पोहे द्या त्याला. पोरगी नांदंल आमच्यात."

(लग्नाला त्यांचा एक पुतण्या आला होता. त्याला भोसरीत नोकरी लागली. दगडूच्या शेजारी तो दीड वर्ष झोपला.)

आता सुनंदाला नातवंडं आहेत, दगडूचा बंगला आहे, आणि मला स्वतंत्र खोली आहे. पोरानं डबल बेड घेतला, तेव्हा कमल त्याच्या एका कडेला अंग चोरून झोपली आणि म्हणाली, "एवढ्या जागेचं करायचं काय हो?" मी म्हटलं, लोळ. आता बेड माझा एकट्याचा. तिच्या बाजूच्या चादरीला सुरकुती पडत नाही. दुपारी पडल्या पडल्या वाटतं, आता पाठीत कोपर बसंल आणि कुणीतरी म्हणंल, "सरका जरा."

मागच्या आठवड्यात भर दुपारी मी बेडवरनं धाडकन खाली पडलो. पोरगा धावत आला, सून आली, शिकवणीची पोरंसुद्धा आली.

"बाबा, अख्खा बेड मोकळा असताना पडलात कसे?"

कंबर चोळत म्हटलं, "काही नाही रे. समायोजन करत होतो."